मोळीला लागलेला हात

मृगाचा पाऊस कोकणपट्टीवर उतरला, की पहिल्या दोन सरींतच अंगणाचे रूप पालटते. उन्हाने भेगाळलेली तांबडी माती मऊ होते, गडग्यांच्या दगडांवर शेवाळ धरू लागते, विहिरीचा उघडा पडलेला तळ झाकला जातो आणि बाहेरून घरात येणाऱ्या प्रत्येक पावलाची खूण सारवलेल्या जमिनीवर उमटते. पाय धुऊन आत या, ही सूचना या दिवसांत घरोघर दहा वेळा ऐकू येते. याच दिवसांत, ११ जून १९५० रोजी, साने गुरुजी आपल्यांतून निघून गेले. त्यांची पुण्यतिथी पावसाच्या तोंडाशी यावी हा निव्वळ योगायोग होय. परंतु पायांना लागणाऱ्या मातीवरून मनाला लागणाऱ्या मळाचा विचार ज्याने मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना शिकविला, त्याचे स्मरण याच दिवसांत व्हावे याचे आम्हांस काहीसे समाधान वाटत आले आहे.

गुरुजींविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले. स्वातंत्र्यसैनिक, शिक्षक, लेखक, समाजवादी कार्यकर्ता अशी त्यांची अनेक रूपे रंगविली गेली. आम्हांस त्यांच्या चरित्राकडे पाहावयाचे आहे ते एका साध्या प्रश्नाच्या अनुरोधाने. अंगणात, विहिरीवर आणि चुलीपाशी शिकलेली दया मोठ्या जगात कितपत टिकते? ती घराच्या उंबऱ्यापाशीच थबकते, की देवळाच्या महाद्वारापर्यंत चालत जाण्याचे बळ तिच्या अंगी असते?

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, पालगड या गावी झाला. घराणे खोतांचे. एके काळी घरात बऱ्यापैकी सुबत्ता होती. परंतु वडील सदाशिवराव यांच्या काळात ती ओसरत गेली. भाऊबंदकी आली, वाटण्या झाल्या, कर्ज चढले आणि अखेर घरावर जप्ती येण्याची वेळ आली. कोकणात खोत म्हटला की कुळांच्या मानेवर बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि ते चित्र सर्वस्वी खोटे नाही. परंतु कर्जात बुडालेल्या खोताच्या घरातील बाईमाणसांची दशा कुळाच्या घरातील बायांहून फारशी निराळी नसे, हेही तितकेच खरे. यशोदाबाई, म्हणजे गुरुजींच्या मातोश्री, यांनी सुखाचे दिवस पाहिले आणि ते डोळ्यांदेखत जातानाही पाहिले. श्यामला ज्या काही गोष्टी त्यांनी शिकविल्या त्या भरल्या घरातून रित्या घराकडे चाललेल्या एका स्त्रीने शिकविल्या होत्या, हे ध्यानात घेतल्यावाचून त्यांतील मर्म कळावयाचे नाही.

या शिकवणुकीत पोथीपुराण थोडे आणि रोजचा व्यवहार फार. देवपूजेसाठी फुले आणावयाची, तर गावातील इतर मुलांच्या आधी आपली परडी भरावी म्हणून श्याम कळ्याच तोडून आणू लागला. आईने त्याला समजाविले ते असे, की फूल झाडावर उमलते तेव्हाच ते पुरते फूल होते. रात्रीचे दंव आणि पहाटेचा वारा त्याला मिळावयास हवा, तो आपण हिरावून घेऊ नये. देवाला फुले वाहण्यातही एक हाव असू शकते आणि ती हाव झाडाला दुखविते, हे इतक्या सोप्या रीतीने मुलाला कोण सांगेल? घरट्यातून खाली पडलेले पाखराचे पिलू उचलून घरी आणले, त्याला जगविण्याची खटपट केली. ते जगले नाही. त्या लहानशा मरणाचे दुःखही घरात हसण्यावारी नेले गेले नाही. भाजीत मीठ घालावयास आई विसरली, तर वडिलांनी चकार शब्द न काढता ती खाल्ली, मुलांनीही खाल्ली. आणि आई शेवटी जेवावयास बसली तेव्हा तिला चूक कळली. रांधणाऱ्याच्या कष्टांना जिभेच्या चोचल्यापायी दुखवू नये, हा धडा त्या दिवशी अळणी भाजीने दिला. घरी कांडपाला येणारी मथुरी तापाने पडली, तर तिच्याकडे घरातले अन्न पोचते झाले.

अंघोळीनंतर पायांना माती लागू नये म्हणून आईला आपले वस्त्र दगडावर पसरावयास लावणारा श्याम तर सर्वांच्या परिचयाचा आहे. आईने हट्ट पुरविला आणि मग सांगितले, की पायांना जसा जपतोस तसा मनालाही जप. या प्रसंगाचा उल्लेख भाषणांतून इतका झाला आहे, की तो आता गुळगुळीत झाल्यासारखा वाटतो. परंतु त्यातील एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. आईने आधी हट्ट पुरविला, उपदेश नंतर केला. उपदेश करून हट्ट मोडून काढला असता, तर तो पोराच्या मनात रुजला नसता, केवळ सलत राहिला असता.

आम्हां समुद्रकाठच्या लोकांना विशेष भावणारा प्रसंग आहे तो लाडघरचा. दापोलीजवळच्या या गावी समुद्राचे पाणी तांबूस दिसते, म्हणून त्या ठिकाणाला तामसतीर्थ म्हणतात. आईबरोबर श्याम तेथे गेला. आईने समुद्राला पैसा अर्पण केला आणि सूर्याला ओवाळले. ज्याच्या पोटी रत्ने असतात त्या समुद्राला आपला एक पैसा कशाला, आणि ज्याच्या तेजाने जग उजळते त्या सूर्याला आपली वात कशाला, असा मुलाचा रोकडा प्रश्न. त्याला मिळालेल्या उत्तराचा अर्थ एवढाच, की समुद्राला आपल्या पैशाची गरज नाही, गरज आपल्याला आहे; ज्याने दिले त्याला आठवणीने काही द्यावे. नारळी पौर्णिमेला समुद्रात नारळ सोडणाऱ्या आपल्या लोकांना याहून वेगळे स्पष्टीकरण कोणी विचारील तर तेही दुसरे काय सांगतील? निसर्ग म्हणजे शोभा, असे मानण्याची चाल पुढे कवितेतून फार बोकाळली. यशोदाबाईंच्या लेखी समुद्र, सूर्य, झाड आणि गाय ही घरातल्या वडीलधाऱ्यांसारखी होती. त्यांच्याशी वागण्याची एक रीत होती.

गुरुजींवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो येथेच विचारात घेतलेला बरा. त्यांचे लेखन रडवे आहे, डोळ्यांतून पाणी काढण्यापलीकडे त्यात काही नाही, असे अनेक जाणते समीक्षक म्हणत आले. आम्ही हा आक्षेप सर्वस्वी फेटाळून लावणार नाही. प्रौढ वयात गुरुजींची काही पुस्तके वाचताना अश्रूंचा अतिरेक जाणवतो, शब्दही एकमेकांच्या गळ्यात पडल्यासारखे वाटतात. पण ज्या आईचे गुणगान त्यांनी केले ती काही केवळ डोळे पुसणारी बाई नव्हती. पोहावयास जाण्याची भीती वाटून श्याम घरात लपून बसला, तेव्हा याच आईने हातात शिपटी घेऊन त्याला बाहेर काढले आणि विहिरीवर धाडले. कोकणातल्या मुलाला पोहता येत नाही म्हणजे काय? ती दया शिपटीलाही भीत नव्हती. हे ज्यांच्या नजरेतून सुटते त्यांना गुरुजींचे पुढचे आयुष्य कोड्यासारखे वाटते. रडणारा माणूस तुरुंगात कसा गेला, आमरण उपोषणाला कसा बसला, याचा उलगडा त्यांना होत नाही.

आता त्या मोळीकडे वळू. घरोघर गॅस येण्यापूर्वी आपल्या प्रदेशात डोंगरावरून लाकडाच्या मोळ्या घेऊन बायका खाली उतरत, हे ज्येष्ठ वाचकांनी पाहिलेले आहे. मोळी डोक्यावर असते तोवर बाई चालत राहते; एकदा खाली टेकविली, की ती पुन्हा डोक्यावर चढविण्यास दुसऱ्या माणसाचा हात लागतो. एकटीने ते काम होत नाही. पालगडला महार समाजातील एका वृद्ध स्त्रीची मोळी अशीच खाली पडली होती. ती म्हातारी, अशक्त. मोळी तिला उचलवेना, आणि तिला शिवावयाचे नाही म्हणून येणारेजाणारे कोणी हात लावीना. यशोदाबाईंनी श्यामला ती उचलून देण्यास पाठविले. लोक काय म्हणतील, ही शंका त्याने घेतली. त्यावर तोड अशी निघाली, की मोळी उचलून द्यावी आणि घरी येऊन स्नान करावे. देवाला सारीच माणसे प्रिय, हे आईचे म्हणणे. पण स्नान काही चुकले नाही.

श्यामच्या आईचे माहात्म्य सांगताना पुष्कळदा या स्नानाचा उल्लेख गाळला जातो. आमच्या मते तो गाळू नये. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कोकणातल्या एका गावात, चार माणसांच्या बोलण्याला न भिता, एका ब्राह्मण गृहिणीने आपला मुलगा त्या म्हातारीकडे धाडला, ही लहान गोष्ट नव्हे. त्याचबरोबर, ज्या करुणेने हात पुढे केला तीच करुणा नंतर तो हात धुऊन घेत होती, हेही खरे आहे. यशोदाबाईंना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. आपल्या काळाच्या कुंपणाशी त्या जाऊन उभ्या राहिल्या आणि मुलाला त्यांनी कुंपणापलीकडे हात घालावयास लावला. कुंपण ओलांडण्याचे काम त्याच्यावर राहिले. आणि त्या म्हातारीच्या बाजूनेही क्षणभर पाहावे. मोळी तिला उचलून मिळाली, वाटेने ती निघून गेली. त्या मुलाला आता विहिरीवर जाऊन अंग भिजवावे लागणार, हे तिला काय ठाऊक नसेल? आपल्या गोव्यातही देवळांच्या तळ्यांवर आणि घरांच्या मागीलदारी असे कितीतरी प्रसंग घडले असतील. ते लिहून ठेवणारा कोणी श्याम त्या ठिकाणी नव्हता, एवढेच.

पुढचे शिक्षण दापोली, औंध आणि पुणे असे हालअपेष्टांत झाले. औंधला हाताने रांधून खावे, अर्धपोटी राहावे आणि घरी मात्र सारे ठीक असल्याचे कळवावे, असे ते दिवस. १९१७ साली आई गेली. अखेरच्या वेळी मुलगा जवळ नव्हता. तो पोचला तेव्हा सारे संपले होते. या एका चुकामुकीने गुरुजींच्या मनात जी पोकळी केली ती पुढे कशानेही भरली नाही, आणि त्यांच्या लेखनातील हळवेपणाचे मूळ आम्हांस तरी येथेच दिसते.

एम. ए. होऊन ते खानदेशात अमळनेरला आले ते तेथील तत्त्वज्ञान मंदिरात. ग्रंथांच्या त्या शांत जगात त्यांचे मन रमले नाही. १९२४ मध्ये ते त्याच गावच्या शाळेत शिक्षक झाले आणि लवकरच वसतिगृहाचे काम त्यांच्याकडे आले. येथे पालगडच्या अंगणाचे दार पुन्हा उघडले. मुले शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, अस्ताव्यस्त पडलेले अंथरूण-पांघरूण नीट लावीत, मळके कपडे धुऊन वाळत घालीत. कोणाला ताप आला तर उशाशी बसत. स्वच्छतेवर त्यांनी व्याख्यान दिले नाही. दोनचार दिवसांनी मुलेच शरमिंधी होऊन खोल्या झाडू लागली. मुलांसाठी ते स्वतः हाताने लिहून एक दैनिक काढीत, त्याचे नाव छात्रालय. रोज पहाटे उठून दोनचार डझन पोरांसाठी वर्तमानपत्र हाताने लिहून काढणारा हा संपादक आम्हां छापखानेवाल्यांना खाली मान घालावयास लावणारा आहे. पालगडला आधी हट्ट पुरवून मग बोलणारी आई आणि अमळनेरला आधी कपडे धुऊन मग न बोलणारा मुलगा, यांतील नाते वेगळे सांगावयास नको.

सहा वर्षांनी, १९३० मध्ये, मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली आणि शाळा सुटली ती कायमची. यापुढे तुरुंग हेच त्यांचे विद्यापीठ झाले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडील सत्याग्रही भेटले. शेजारी बसलेल्या देशबांधवाची भाषा आपल्याला कळत नाही याचे शल्य त्यांना इतके बोचले, की ते तमिळ शिकू लागले आणि पुढे कुरल त्यांनी मराठीत आणले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. ती अठरा प्रवचने आज घरोघर आहेत याचे कारण समोर बसून गुरुजींनी ती भराभर उतरून घेतली. दुसऱ्याचे शब्द इतक्या निष्ठेने टिपून ठेवणे हीही सेवाच. स्वतःचे काही लिहिण्याची ऐपत असलेल्या लेखकाला ती अधिकच अवघड जाते.

त्यानंतर नाशिकचा तुरुंग. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी श्यामची आई लिहावयास घेतली आणि १३ तारखेच्या सोमवारी सकाळी ती लिहून संपविली. दिवसा तुरुंगातली कामे, रात्री लेखन. या कहाण्या इतक्या थोड्या दिवसांत कागदावर उतरल्या, यात नवल ते काय? सोळा वर्षे त्या मनात घोळतच होत्या. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना आटोपल्यावर श्याम आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो, अशी तिची मांडणी आहे. तुरुंगातही संध्याकाळी दारे बंद झाल्यावर बंदिवानांजवळ गोष्टींखेरीज दुसरे काय असते?

मात्र आम्हांस त्या पाच दिवसांतील एक गोष्ट विलक्षण वाटते. ज्या नाशकात तुरुंगाच्या भिंतीआड मोळीची आणि स्नानाची गोष्ट लिहिली जात होती, त्याच नाशकात काळारामाच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० च्या मार्चमध्ये सत्याग्रह सुरू झाला होता. तीन वर्षे होत आली तरी दार उघडले नव्हते. म्हातारीची मोळी उचलून मिळाली; तिच्या नातवंडांना देवाचे दर्शन मात्र मिळेना. पुढे १९३५ साली येवल्याला डॉ. आंबेडकरांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. करुणेचे हात फार उशिरा पुढे येतात आणि आले तरी परत जाऊन धुतले जातात, याचा तो हिशेब होता. ज्यांना धर्माचा अभिमान आहे त्यांनी तो हिशेब नीट वाचावयास हवा होता. वाचला थोड्यांनीच.

मधल्या वर्षांचा वृत्तांत आम्ही त्वरेने सांगतो. १९३६ साली खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले, त्यासाठी गुरुजी गावोगाव हिंडले. १९३८ मध्ये अमळनेरहून काँग्रेस नावाचे साप्ताहिक काढले, शेतकऱ्यांच्या आणि गिरणी कामगारांच्या लढ्यांत उतरले. १९४२ च्या आंदोलनात भूमिगत राहून काम केले, पुढच्या वर्षी पकडले गेले आणि १९४५ मध्ये सुटले. राष्ट्र सेवा दलाच्या तरुण मुलामुलींत त्यांचा जीव रमे.

स्वातंत्र्य दारात येऊन उभे होते. अशा वेळी गुरुजींनी ठरविले, की पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले झाल्याखेरीज आपण अन्न घ्यावयाचे नाही. पुष्कळांना हे अवेळी वाटले. देशात दंगे पेटलेले, फाळणीची बोलणी चाललेली, आणि हे काय मध्येच? दुसऱ्या बाजूने, ज्यांच्यासाठी हे करावयाचे त्यांच्यातील जागृत तरुणांना आता देवळाच्या दारापाशी उभे राहण्यात स्वारस्य उरले नव्हते. दोन्ही आक्षेपांत तथ्य होते. पण गुरुजींना उत्तर द्यावयाचे होते ते राजकारणाला नव्हे. पंढरीच्या महाद्वारासमोर चोखोबाची समाधी आहे. त्याचे अभंग देवळाच्या आत गायिले जातात आणि त्याच्या जातीची माणसे बाहेर उभी राहतात, हे शतकानुशतके चालले होते. गोव्यातूनही आषाढीला वारकरी पंढरीस जातात. महाद्वाराशी वाकताना त्यांच्याही डोक्यात हा विचार कधी तरी डोकावून गेला असेल.

सेनापती बापटांनी सुचविले, की उपोषणाआधी लोकमत जागे करावे. गुरुजींनी ते मानले आणि सुमारे सहा महिने ते महाराष्ट्रभर फिरले. सेवा दलाची मुले गाणी म्हणत बरोबर होती. या दौऱ्यात गावोगावची कितीतरी देवळे आणि पाणवठे खुले झाले. पाणवठ्यांचे महत्त्व आम्हांस देवळांइतकेच वाटते. मोळी उचलून दिल्यावर ज्या पाण्याने अंग शुद्ध करावयाचे, तेच पाणी आता दोघांनी एकत्र भरावयाचे होते. पंढरपूरचे दार मात्र बंदच राहिले. १ मे १९४७ रोजी तेथील तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले. प्रत्यक्ष गांधीजींनाही ते प्रथम मान्य नव्हते. त्यांच्यापर्यंत हकीगत अपुरी पोचली होती. ज्यांना गुरुजी देवासमान मानीत त्यांचीच नापसंती माथ्यावर घेऊन हा देवभोळा माणूस अंथरुणावर पडून राहिला. या कसोटीची कल्पना आपण सहज करू शकणार नाही. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, बडवे मंडळींशी बोलणी झाली आणि दहाव्या दिवशी, १० मे रोजी, मंदिर खुले करण्यास संमती मिळाली.

यात विठ्ठलाला काही मिळाले काय, असा चावट प्रश्न त्या काळी कोणी तरी केला असेलच. लाडघरच्या समुद्राला पैसा टाकणाऱ्या बाईच्या मुलाजवळ त्याचे उत्तर होते. आणि अखेर एकदाची ती मोळी उचलली गेली, ती नंतरच्या स्नानावाचून.

यानंतरची तीन वर्षे लिहिताना लेखणी जड होते. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला. तो एका मराठी माणसाच्या हातून घडला याचे गुरुजींना लागलेले दुःख प्रायश्चित्ताच्या रूपाने बाहेर पडले. त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी साधना साप्ताहिक सुरू केले. १९४९ मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. निरनिराळ्या प्रांतांच्या मुलांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्या, एकमेकांच्या घरी राहावे. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात उमगलेली ती गोष्ट होती. दोन भाषांच्या उंबरठ्यावर आयुष्य काढणाऱ्या आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांना ती समजावून सांगण्याची गरज नसावी. आचरणाची गोष्ट निराळी. स्वराज्य आले होते, पण ज्या माणसांसाठी ते आले असे गुरुजी समजत होते ती माणसे होती तशीच दिसत होती. ही निराशा हळूहळू त्यांच्या मनात साचत गेली. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपले जीवन संपविले. वय अवघे पन्नास.

ही गोष्ट चरित्रकार बहुधा एका वाक्यात उरकतात. काही जण तिला महाप्रस्थानाचा मुलामा देतात. आम्हांस दोन्ही रीती पसंत नाहीत. तो त्याग नव्हता आणि तो त्यांच्या शिकवणुकीचा पराभवही नव्हता. खचलेल्या मनाचे ते दुखणे होते. झाडावरच्या कळीला जपणाऱ्या, दुसऱ्यांच्या मुलांचे कपडे धुणाऱ्या या माणसाला स्वतःवर दया करण्याची विद्या कोणी शिकविली नव्हती, आणि त्याची स्वतःची मोळी खाली पडली त्या दिवशी वाटेवरून जाणाऱ्यांपैकी कोणाच्या ती ध्यानात आली नाही. मनाच्या दुखण्याविषयी आपला समाज त्या काळी बोलत नसे. बोलला असता तर कदाचित काही निराळे घडले असते.

तीन वर्षांनी आचार्य अत्र्यांनी श्यामची आई पडद्यावर आणली. राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाची प्रथा सुरू झाली तेव्हा, १९५४ मध्ये, पहिले पदक त्या मराठी चित्रपटाला मिळाले. वनमाला बाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम पाहून रडलेली पिढी आता म्हातारी झाली. पुस्तक मात्र अजून छापले जाते, आणि पावसाळी संध्याकाळी एखाद्या घरात ते मोठ्याने वाचलेही जाते. पालगडचे गुरुजींचे घर स्मारक म्हणून जतन केलेले आहे. दापोलीकडे जाणाऱ्या वाचकांनी वाट थोडी वाकडी करून तेथे जावे, आणि जाण्याआधी त्या पुस्तकातील म्हातारीच्या मोळीचे प्रकरण एकदा वाचून ठेवावे. ती मोठ्या कष्टाने वाकली असेल, श्यामने मोळी तिच्या डोक्यावर ठेवली असेल, आणि ती निघून गेली असेल. तिचे नाव त्या पुस्तकात नाही.